वैतरणेच्या दोन्ही तीरांवरील ख्रिस्ती गांवें

तारापूरच्या खाडीजवळ पोर्तुगीजांच्या वेळचा एक दगडी कोट उभा आहे. आंत जुन्या विहिरी आहेत, झाडी आहे, आणि भरतीच्या वेळीं वाऱ्याबरोबर येणारा समुद्राचा आवाज आहे. ज्यांनीं हा कोट बांधला, त्यांच्या अमदानींत येथें डोमिनिकन पंथाचे साधु राहत असत; पहांटे प्रार्थनेची घंटा होई आणि सायंकाळीं दिवे लागत. त्या वस्तीचा धागा आज तारापुरांत शोधूं गेल्यास हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. कोट उरला, पण कोटांतील मंडळी गेली.

त्याच किनाऱ्यानें दक्षिणेस निघून वैतरणा ओलांडली, कीं मात्र निराळाच देखावा दृष्टीस पडतो. आगाशी, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगांव, सांडोर, पापडी; केळींच्या बागा, त्यांच्या कडेला पानमळे, वाटेच्या वळणावर पांढरा चुना दिलेला क्रूस आणि माडांच्या शेंड्यांवर डोकावणारा देवळाचा मनोरा. येथील ख्रिस्ती लोक चर्चला अजून 'देऊळ' म्हणतात आणि क्रुसाला 'खुरीस'. रविवारीं या गांवांतून घंटा होते, आणि तिच्या हांकेला ओ देणारीं घराणीं दहा-बारा पिढ्यांचीं आहेत.

दोन्ही तीरांवर राजवट एकच होती, काळ एकच होता आणि धर्माचें रोप लावणारे हातही त्याच पंथांचे होते. मग तें एका तीरावर सुकलें आणि दुसऱ्या तीरावर तगलें, असें कां व्हावें? उत्तर कोंकणाच्या इतिहासांतला हा प्रश्न वाटतो तितका लहान नाहीं. गांव कशाच्या बळावर टिकतें, तटाच्या कीं मातीच्या, याचा निवाडा त्यांत दडलेला आहे.

गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ सालीं वसई व तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १५५९ सालीं त्यांनीं दमण घेतलें, आणि वसईपासून दमणपर्यंतचा किनारा हळूहळू त्यांच्या ताब्यांत आला. हा त्यांचा 'उत्तर प्रांत'. वसई त्याची राजधानी, तर केळवें-माहीम, तारापूर, डहाणू हीं त्याचीं लहानमोठीं ठाणीं. कारभाऱ्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन पंथांचे धर्मगुरु आले. वसईच्या कोटांत त्यांचे मठ उठले, गांवोगांव देवळें बांधलीं गेलीं, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वसईच्या परिसरांत ख्रिस्ती वस्ती चांगलीच वाढली.

हा धर्मप्रसार केवळ उपदेशानें झाला असें म्हणणें सत्याला सोडून होईल. जुनीं हिंदु देवस्थानें पाडलीं गेलीं. निर्मळचें प्राचीन क्षेत्रही त्या तडाख्यांतून सुटलें नाहीं. राजसत्तेचा धाक आणि सरकारी सवलतींचा मोह हीं दोन्ही साधनें वापरण्यांत आलीं. परंतु सत्तेनें लादलेली प्रत्येक गोष्ट सत्तेबरोबर नाहींशी होते असेंही नाहीं. धर्म बदलला तरी माणसांची बोली, शेती, नातीगोतीं आणि लग्नांतल्या चालीरीति यांत फारसा पालट झाला नाहीं. वसईच्याच मातींत जन्मलेला गोन्सालो गार्सिया हा फ्रान्सिस्कन पंथांत शिरून जपानांत गेला आणि १५९७ सालीं नागासाकी येथें आपल्या सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. १८६२ सालीं पोपनें त्याला संतपद दिलें. वसईच्या कोटांतील त्याच्या देवळांत त्याचा सण आजही होतो. सभोंवारच्या मठांचे भग्न अवशेष त्या दिवशीं माणसांच्या गर्दीनें पुन्हां जागे होतात.

मराठ्यांच्या मोहिमेनें १७३९ सालीं या किनाऱ्याचा नकाशा बदलला. चिमाजीअप्पाच्या सैन्यानें त्या वर्षाच्या आरंभींच माहीम, केळवें आणि शिरगांव घेऊन तारापुरास वेढा दिला. तारापूरची झुंज सोपी नव्हती. सुरुंग लावून तट फोडावा लागला आणि आंत शिरल्यावरही हातघाईची लढाई झाली. पेशव्यांचा जिवलग सरदार बाजी भिवराव रेठरेकर येथेंच गोळी लागून पडला. जानेवारीच्या अखेरीस किल्ला मराठ्यांच्या हातीं आला, आणि मे महिन्यांत खुद्द वसईनें शरणागति पत्करली. तहांत जे कोणी ख्रिस्ती मागें राहूं इच्छितील त्यांस धर्माचरणाची मोकळीक ठेवण्यांत आली आणि कांहीं मोजकीं देवळें त्यांच्यासाठीं राखण्यांत आलीं. पोर्तुगीज अंमलदार, सैनिक आणि जमीनदार आपलीं कुटुंबें घेऊन जहाजांवर चढले. गोरे धर्मगुरूही त्यांच्याबरोबर गेले.

या विजयाची खूण म्हणून मराठे सरदारांनीं देवळांतील मोठमोठ्या घंटा नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरील घंटा, वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावरील घंटा, भीमाशंकरची घंटा, या सर्व त्याच मोहिमेच्या स्मृति होत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हें साल असून बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृति आहे. कृष्णेच्या कांठीं शंकराच्या पूजेला ती घंटा होत आली, आणि त्या नादांत कोणालाही विसंगति वाटली नाहीं. नाद ज्याच्या दारीं गेला त्याचा झाला.

मागें राहिलेल्यांची स्थिति मात्र बिकट होती. राजा गेला, गुरु गेले, घंटाही गेल्या. पेशव्यांच्या कारकीर्दींत शुद्धि करून लोकांना पुन्हां स्वधर्मांत घेण्याचे प्रयत्न झाले व कांहीं कुटुंबें परत फिरलीं. वसईकडे सामवेदी समाजांत आजही हिंदु आणि ख्रिस्ती अशीं दोन्ही घरें शेजारींशेजारीं नांदतात. असें असूनही धर्मछळाचें सूडसत्र मराठ्यांनीं चालविलें नाहीं, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. १७६० च्या सुमारास साष्टींतून गेलेला फ्रेंच प्रवासी आंकेतील द्युपेरों याला ठाण्यास मराठी अंमलांत ख्रिस्ती सण उघडपणें, हजारोंच्या समुदायानें साजरा होतांना दिसला. गोव्याकडील व स्थानिक एतद्देशीय पाद्र्यांनीं देवळांची जबाबदारी उचलली. परकी धर्मगुरु गेल्यामुळें हा धर्म मोडेल असें कोणास वाटलें असेल, तर घडलें उलट. तो अधिक देशी झाला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. तारापूर, डहाणू हीं ठाणीं मुख्यत्वें लष्कराचीं आणि व्यापाराचीं होतीं. तेथील ख्रिस्ती वस्ती कोटाच्या आश्रयानें वाढली. शिबंदी, अंमलदार, त्यांचे नोकरचाकर आणि आश्रित असेंच तिचें बव्हंशीं स्वरूप असावें. दमणवर पोर्तुगीजांचा झेंडा १९६१ पर्यंत फडकत होता. कोट पडतांच किनाऱ्यानें थोडें वर गेलें कीं आपल्या राजाचा आसरा मिळत होता. अशा माणसाला मागें ओढून धरणारें कांहीं नव्हतें. वसईच्या ख्रिस्ती कुणब्याची गोष्ट वेगळी होती. त्याची केळ वाडींत उभी होती, पानवेल मांडवावर चढलेली होती, विहिरीवर भावकीचा वांटा होता. तीं कोठें घेऊन जाणार? गांवामागून गांव सलग एका धर्माचें असल्यामुळें सोयरीक, शेजार आणि सुखदुःख हीं सारीं जवळच भागत. तारापूरची घंटा तटावर टांगलेली होती. तट पडला आणि ती मुकी झाली. वसईची घंटा विहिरीच्या रहाटाशीं बांधलेली होती. आणि रहाट कोणाच्याही राज्यांत फिरावाच लागतो.

या गांवांची रचना पाहिली म्हणजे हें ध्यानांत येतें. घरापुढें अंगण, मागें वाडी, वाडीच्या कडेला बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचें उघडें तळें. बागायतीची जमीन उंच करण्यासाठीं माती काढली, तो खड्डा पावसानें भरला आणि त्याचें तळें झालें. समुद्र हांकेच्या अंतरावर असूनही विहिरींचें पाणी गोडें राहिलें, त्याचें बरेंचसें श्रेय या बावखलांना आहे. पावसाचें पाणी त्यांत थांबतें, सावकाश मुरतें आणि भूमींतील खाऱ्या पाण्याला मागें रेटून धरतें. हें शास्त्र कोणी ग्रंथांत लिहून ठेविलें नव्हतें. तें कुदळीच्या मागोमाग एका पिढीकडून दुसरीकडे आलें. बैल रहाटाभोंवतीं फिरत, पोहऱ्यांतून पाणी पाटांत पडे, आणि त्या पाण्यावर केळीं, पानें, वांगीं आणि फुलें पिकत. आगाशीच्या बाजूस राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळवीत. त्यांचें सुकेळें दूरवर प्रसिद्ध झालें. कार्तिकांत निर्मळला शंकराचार्यांच्या समाधीपाशीं जत्रा भरते. तेथें सुकेळीं विकणारा ख्रिस्ती आणि विकत घेणारा वारकरी यांमध्यें देवाण-घेवाण चाले, ती केवळ पैशांची नसे.

धार्मिक जीवनही याच शेताच्या वळणानें गेलें आहे. नव्या भाताच्या लोंब्या देवळांत नेऊन आशीर्वाद घ्यावयाचा, या सणाला 'आगेरा' म्हणतात. हिंदु घरांत नवान्नाची जी भावना, तीच येथें. वाटेवरच्या खुरिसापाशीं सायंकाळीं मंडळी जमून लादीन म्हणते. पोर्तुगीज शब्द मोडून तो इतका आपलासा झाला आहे, कीं म्हणणाऱ्याला तो परका वाटत नाहीं. बाप्तिस्म्याच्या वेळीं मुलाचा धर्मपिता होणाऱ्याला पोर्तुगीज भाषेंत जो शब्द आहे, त्यावरून 'कुपारी' हा शब्द झाला असें सांगतात, आणि आज तो सबंध सामवेदी ख्रिस्ती समाजाचें नांव होऊन बसला आहे. लग्नांत मांडव असतो, हळद असते, आणि बायकांचीं गाणीं त्यांच्या कादोडी बोलींत असतात. नऊवारी लुगडें नेसलेली आजी गळ्यांतल्या क्रुसावर हात ठेवून नातवाला जी गोष्ट सांगते, तिची भाषा मराठी मुलखाच्या कोणाही म्हातारीची आहे.

देवळांतील प्रार्थना मात्र दीर्घकाळ लॅटिनमध्यें होत. शब्द कळत नसत, तरी सूर ओळखीचे असत. १९६२ ते १९६५ या काळांत रोम येथें भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें लोकभाषेला वाट मोकळी करून दिली, आणि वसईच्या देवळांत मराठी अधिकारानें आली. त्याच्या आधींच, १९५५ सालीं, 'सुवार्ता' हें मासिक सुरू झालें होतें. पुढें फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं १९८३ पासून कित्येक वर्षें त्याचें संपादन केलें, आणि धर्मवार्तेच्या पलीकडे जाऊन त्याला मराठी वाङ्मयाच्या प्रवाहांत आणून सोडलें. नंदाखालच्या शेतकरी घरांत जन्मलेले हे धर्मगुरु जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथें भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्या आसनावर बसणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरु. २५ जुलै २०२४ रोजीं ते निवर्तले. सुमारें पांच शतकांपूर्वीं परक्या गलबतांतून उतरलेल्या धर्मानें या भूमीशीं आपलें नातें कसें जोडलें, हें सांगण्यास एवढा एक दाखला पुरेसा आहे.

वैतरणेच्या उत्तरेकडे इतिहासानें दुसरीच वाट धरली. मुंबईस जोडणारा लोहमार्ग १८६४ सालीं पुरा झाला, तो किनारा सोडून आंतल्या बाजूनें गेला. समुद्रावरचीं जुनीं ठाणीं मागें पडलीं. तालुक्याचें माहीम हें नांव गेलें आणि स्टेशनाजवळचें पालघर पुढें आलें. तारापूर आडबाजूस राहिलें आणि बोईसर वाढत गेलें. ज्या तारापुरानें एके काळीं विकाजी मेहरजीसारखें नामांकित पारशी घराणें पाहिलें होतें, त्याच्या बंदरांतली वर्दळ ओसरली.

याच लोहमार्गानें ख्रिस्ती धर्म या तीरावर दुसऱ्यांदां आला. पण या खेपेस तोफा बरोबर नव्हत्या. अमेरिकेतील ब्रेदरन पंथाच्या मिशनऱ्यांनीं १८९५ सालीं वलसाड येथें ठाणें केलें आणि विसाव्या शतकाच्या आरंभकाळांत त्यांचें काम डहाणू, वाडा, पालघर या बाजूस पसरलें. शाळा, वसतिगृह आणि दवाखाना हीं त्यांचीं साधनें. डहाणूच्या त्यांच्या रुग्णालयाचें नांव जंगलपट्टींतील वारली पाड्यांपर्यंत पोंचलें. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली, तींत ही मंडळीही सामील झाली. तलासरीकडे जेझुइटांनीं वारली मुलांसाठीं शाळा चालविल्या. शिक्षणाची ही सेवा मोलाची खरी, परंतु या मुलखाचें मोठें दुखणें सावकारी आणि वेठबिगारी हें होतें. त्यावर १९४५ सालीं गोदावरी परुळेकर यांच्या पुढारीपणाखालीं वारली स्वतःच उठले, हें येथें विसरतां येणार नाहीं. वारल्यांचा देव झाडांत आहे, डोंगरांत आहे, पिकांत आहे; भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढलेल्या त्यांच्या चित्रांत माणसें, पशु आणि झाडें एकाच मापानें उभीं असतात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनीं ती चित्रकला जगापुढें नेली. निसर्गाशीं कसें वागावें, याचा धडा या भागांत शिकविणाऱ्यानेंच प्रथम शिकावा अशी स्थिति होती.

तारापूरचें नांव जगाला पुन्हां ऐकूं आलें तें १९६९ सालीं. भारतांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र तेथें सुरू झालें. बोईसरजवळ कारखान्यांची वसाहत उभी राहिली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसें येथें पोटासाठीं आलीं. त्यांच्यांत ख्रिस्तीही होते. त्यांच्या प्रार्थना अनेक भाषांतून चालतात; त्यांचीं देवळें जुनीं नाहींत, त्यांच्या अंगणांत पूर्वजांच्या समाध्या नाहींत. परक्या गांवीं आलेल्या कारखान्यांतल्या माणसाला रविवारचा एक तास आपल्या माणसांत मिळावा, एवढ्यासाठीं त्या मंडळ्या जमतात. पण येथेंही प्रश्न मातीशीं येऊन ठेपला. केंद्राच्या विस्तारासाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवें उठलीं. कारखान्यांच्या सांडपाण्याची झळ खाडीला आणि तिच्यावर जगणाऱ्या मच्छीमारांना लागली. डहाणू तालुका १९९१ सालीं निसर्गदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि त्याच किनाऱ्यावर वाढवण येथें २०२४ सालीं महाबंदराची पायाभरणी झाली. मच्छीमार गांवांचा विरोध तेव्हांही मावळला नव्हता.

दक्षिण तीरावरही संकट निराळ्या वेषांत आलें. १९८० नंतरच्या दशकांत मुंबई फुगून वसईवर लोटली. इमारती उठल्या, पण त्यांना पाणी नव्हतें. मग गांवांतल्या विहिरींवर यंत्रें बसलीं आणि रात्रंदिवस टँकर भरून पाणी विकलें जाऊं लागलें. पिढ्यान् पिढ्या गोड्या असलेल्या विहिरींना खारेपणाची चव येऊं लागली, बावखलें बुजवून त्यांवर बांधकामें झालीं, आणि केळीची वाडी विकून येणाऱ्या पैशाचा मोह अनेकांना पडला. या वेळीं हरित वसई संरक्षण समिति पुढें आली. फादर दिब्रिटो तिच्या अग्रभागीं होते. परंतु ती एका धर्माची चळवळ नव्हती. तींत हिंदु होते, ख्रिस्ती होते, शेतकरी आणि शिक्षक होते. पाणी उपसणें थांबवा, हिरवा पट्टा राखा, एवढी त्यांची मागणी होती. २००९ सालीं महानगरपालिका झाली तेव्हां गांवें तिच्यांतून वगळावीं म्हणून लोक पुन्हां रस्त्यावर आले.

या लढ्यांत सर्वत्र यश आलें असें म्हणतां येत नाहीं. पुष्कळ हिरवळ गेली, आणि गेलेली परत आली नाहीं. तरीही अलीकडे गांवांतले तरुण बुजलेलीं बावखलें शोधून त्यांतला गाळ काढूं लागले आहेत, कादोडीचे शब्द गोळा करूं लागले आहेत. सणाच्या दिवशीं वडिलांनीं जें केलें तें आपण कां करतों, असा प्रश्न ते विचारतात, आणि उत्तरासाठीं कधीं देवळाच्या जुन्या वह्या उघडतात, तर कधीं आजीच्या पायाशीं बसतात.

वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ सालीं झाला, आणि पालघर जिल्हा २०१४ सालीं. दोन्ही तीरें अशा रीतीनें पुन्हां एका नांवाखालीं आलीं आहेत. कागदावर एकत्र येणें सोपें असतें. तारापूरच्या कोटाची साक्ष मात्र स्पष्ट आहे : तट कितीही जाड असला तरी आंतल्या माणसाचें मूळ बाहेरच्या मातींत गेलेलें नसेल, तर राज्य बदलतांच तो उठून जातो. वसईच्या माणसाचें मूळ तसें गेलें होतें, म्हणून राजा, गुरु आणि घंटा गेल्यावरही तो राहिला. आज मेणवलीची घंटा परत मागावी असें वसईत कोणी म्हणत नाहीं. नव्या घंटा केव्हांच ओतल्या गेल्या. विहिरींतलें गोडें पाणी मात्र एकदां खारें झालें, कीं तें ओतून घेतां येत नाहीं. तीन शतकांपूर्वीं ज्या पाण्यानें या गांवांना धरून ठेविलें, त्याला आतां गांवांनीं धरून ठेवावयाचें आहे.